वेडेवाकडे दात : धीर कुठे धरावा, घाई कुठे करावी

गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी दातांची दोन प्रकरणे माझ्या दवाखान्यात आली. पहिले सिन्नरहून. आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला ताप नव्हता, खोकला नव्हता. "डॉक्टर, हिच्या समोरच्या दातांत बघा केवढी फट पडलीय. दात सगळे पसरलेत. शाळेच्या गॅदरिंगच्या आत तार लावून मिळेल का?" दुसरा रुग्ण नाशिकरोडचा, तेरा वर्षांचा मुलगा. कानात दडे बसले म्हणून वडिलांबरोबर आलेला. घसा तपासताना त्याला 'आ' करायला लावले आणि नंतर तोंड मिटायला सांगितले, तर त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन बसत होते. हनुवटीही पुढे आलेली. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, "ते लहानपणापासून तसंच आहे. आमची आई म्हणते, अंगाने भरला की होईल सरळ."

सिन्नरच्या मुलीला काहीही करायची गरज नव्हती. आणि या मुलाला पाच-सहा वर्षांपूर्वीच कुणीतरी तज्ज्ञाकडे न्यायला हवे होते. ज्यांना धीर धरायला हवा ते घाईत होते आणि ज्यांनी घाई करायला हवी होती ते निवांत होते. माझ्या अनुभवात मुलांच्या दातांच्या बाबतीत बहुतेक घरांत हेच घडते. त्यात पालकांचा दोष थोडा आणि आम्हा डॉक्टर मंडळींचा अधिक. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दातांच्या वाट्याला फार थोडे दिवस येतात. आईवडील मात्र मुलाचे काहीही झाले तरी प्रथम आमच्याकडे येतात. मी दातांचा डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. परंतु कोणते मूल दातांच्या डॉक्टरांकडे केव्हा पाठवावे, हे मला चुका करून शिकावे लागले. तेच आज वाचकांसमोर ठेवतो.

दातांचे वेळापत्रक

बाळाचे दुधाचे दात साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. पहिला दात वरचा आला तर तो मामाला जड, अशी आपल्याकडे समजूत आहे. मामांनी काळजी करू नये, वरचा काय आणि खालचा काय, दोन्ही निरोगी असतात. दुधाचे दात एकमेकांना खेटून असण्यापेक्षा मध्ये थोड्या फटी असलेल्या चांगल्या. पुढे येणारे दात रुंद असतात, त्यांच्यासाठी ती जागा राखून ठेवलेली असते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दोन घटना घडतात. एक सर्वांना दिसते. खालचे समोरचे दात हलू लागतात, पडतात, आणि पडलेला दात कौलावर भिरकावण्याचा सोहळा होतो. दुसरी घटना कुणाच्या लक्षातही येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, खाली-वर, दोन्ही बाजूंना मिळून चार नव्या दाढा येतात. त्या येताना एकही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटते की याही दुधाच्याच. या दाढा जन्मभराच्या असतात. त्या पुन्हा येत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलाची ही दाढ किडते, दुखते, आणि आई म्हणते, "दुधाचीच आहे ना, पडेल." अमेरिकेतील एडवर्ड अँगल या दंतवैद्याने 1899 साली वाकड्या दातांची जी वर्गवारी मांडली आणि जी आजही वापरात आहे, ती याच सहाव्या वर्षाच्या दाढांवर उभी आहे. वरची दाढ खालच्या दाढेवर नीट बसते, की पुढे जाते, की मागे राहते, यावरून त्याने तीन वर्ग केले. घराचा कोनाच म्हणा ना. कोना सरकला की भिंत सरकली.

सहा ते आठ या वर्षांत समोरचे पटाशीचे दात येतात, नवव्या वर्षापर्यंत त्यांच्या शेजारचे. नंतर दीड-दोन वर्षे सगळे शांत असते. दहा ते बारा या काळात दुधाच्या दाढा पडून त्या जागी उपदाढा येतात. वरचे सुळे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, म्हणजे त्या ओळीत जवळजवळ सर्वांत शेवटी येतात. हे सुळ्याचे उशिरा येणे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी दुसरी दाढ, आणि सतरानंतर कधीतरी अक्कलदाढ.

आता सिन्नरच्या मुलीकडे येऊ. सात ते अकरा या वयात वरचे समोरचे दात पंख्यासारखे फाकलेले आणि मध्ये फट असलेले दिसणे हे बहुतेक मुलांत नैसर्गिक असते. वर हिरडीत दडलेले सुळे त्या दातांच्या मुळांना दाबत असतात, म्हणून ते पसरतात. सुळे खाली उतरले की फट पुष्कळदा आपोआप मिटते. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने या अवस्थेला अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप बदकाचे नाव दिले आहे. या दिवसांत उगाच तार लावून दात ओढून जवळ आणले, तर मुळांना इजा होण्याची भीती असते. म्हणून मी त्या बाईंना म्हटले, "ताई, गॅदरिंगला तिला असंच नाचू द्या." त्या फारशा खूश झाल्या नाहीत. औषध न देणाऱ्या डॉक्टरवर कोण खूश होते?

असेच आणखी एक घाबरवणारे दृश्य म्हणजे दातांच्या दोन ओळी. खालचा दुधाचा दात पडायच्या आधीच त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, नवा दात डोकावतो. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने, बोटाने हलवू द्यावा. तो पडला की जीभच नव्या दाताला पुढे सारते. दोन-तीन महिन्यांतही दुधाचा दात हललाच नाही, तर दाखवावे.

माझी एक चूक

हे सांगताना मला अजून बरे वाटत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचवटीत दवाखाना सुरू करून मला थोडीच वर्षे झाली होती. एका शिंप्याची आठ वर्षांची मुलगी दाढ ठणकते म्हणून आली. वरच्या दोन्ही बाजूंच्या दुधाच्या दाढा किडून पार पोखरल्या होत्या. गालावर सूज. मी गोळ्या दिल्या आणि मोठ्या आत्मविश्वासाने वडिलांना सांगितले, "दुधाच्याच आहेत, काढून टाका. नव्या येतील." त्यांनी त्या काढून घेतल्या. दुखणे थांबले. मीही विसरलो.

ती मुलगी पाच वर्षांनी कावीळ झाली म्हणून आली तेव्हा बोलताना तोंडावर हात धरत होती. दोन्ही सुळे ओळीत जागा न मिळाल्याने वर, हिरडीच्या जवळ, पुढे आले होते. शाळेत तिला काय काय नावे ठेवली होती ती इथे लिहीत नाही. मुले फार निर्दय असतात. वर्गात उत्तर येत असूनही ती हात वर करत नाही, असे तिच्या आईने सांगितले.

काय झाले होते? दुधाची दाढ चावण्यासाठी तर असतेच, परंतु तिचे दुसरे काम राखणदाराचे. तिच्या खाली पुढची उपदाढ तयार होत असते आणि ती दहा-बारा वर्षांपर्यंत येणार नसते. राखणदार आठव्या वर्षीच गेला, की मागची सहाव्या वर्षाची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते. एस.टी.त जागेवर ठेवलेला रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो, तसेच. मग उपदाढा येतात त्या उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसतात. आणि सर्वांत शेवटी येतो सुळा. त्याला जागाच नसते. तो बिचारा बाहेरून, वरून, जसे जमेल तसे येतो.

यावर उपाय तेव्हाही होता, मला ठाऊक नव्हता इतकेच. शक्य असेल तर किडलेली दुधाची दाढ काढायचीच नाही. तिच्यातली कीड काढून, गरज पडल्यास मुळातली मेलेली शीर साफ करून, वर टोपी बसवून ती तिच्या मुदतीपर्यंत टिकवायची. अगदीच काढावी लागली तर त्या जागी तारेचे एक साधे साधन बसवतात, जे मागच्या दाढेला पुढे सरकू देत नाही. दातांचे डॉक्टर त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. नवा दात हिरडीतून दिसू लागला की ते काढून टाकायचे. एवढ्या छोट्या गोष्टीने पुढची तारांची मोठी उठाठेव पुष्कळदा टळते, निदान हलकी तरी होते. 'दुधाचा दात पडणारच आहे' हे वाक्य खरे आहे, पण तो कधी पडणार आहे हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सगळे वाकडे दात किडीमुळे होतात असे मात्र नाही. जबडा आईसारखा लहान आणि दात वडिलांसारखे रुंद, असा वारसा मिळाला तर दाटी होणारच. कुणाला एखादा दात जास्त असतो, कुणाला एखादा मुळातच नसतो. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यांना पहिल्या महिन्यांपासूनच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवावे.

अंगठा आणि उघडे तोंड

या दोन गोष्टी मात्र आमच्या, म्हणजे घरच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतात.

अंगठा चोखणे तीन-चार वर्षांपर्यंत चालू शकते. बहुतेक मुले स्वतःच सोडतात. चौथ्या वर्षानंतरही, विशेषतः झोपेत तासन्‌तास, अंगठा तोंडात असेल, तर वरचे दात पुढे ढकलले जातात, खालचे आत जातात, टाळू अरुंद आणि उंच होतो, आणि दात मिटले तरी समोर एक गोल खिडकी उरते. अंगठ्याला कडुनिंब चोपडणे, मिरची लावणे, चटका देण्याची भीती दाखवणे, पाहुण्यांसमोर खिल्ली उडवणे, हे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. मिरचीचा हात डोळ्याला लावून रडत आलेले मूल तर दोनदा. मूल घाबरले की त्याला अंगठ्याची गरज अधिकच वाटते. त्यापेक्षा कॅलेंडरवर अंगठ्याविना गेलेल्या रात्री मुलालाच खुणा करू द्याव्यात, झोपताना हातात मऊ मोजा घालावा, आठवड्याने कौतुक करावे. मुलाची स्वतःची इच्छा असेल तर हे जमते. सहा वर्षांनंतरही जमले नाही, तर दातांचे डॉक्टर टाळूला एक साधन लावून देतात, त्याने अंगठा चोखण्यातली मजाच जाते. सवय वेळेत सुटली तर समोरची खिडकी पुष्कळदा आपोआप भरून येते.

दुसरे, तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल. रात्री घोरते, उशी लाळेने भिजते, सकाळी तोंड कोरडे, सारखी सर्दी, वर्गात पेंगते. नाकाच्या मागे असलेल्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात, किंवा अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेले असते. नाकाने श्वास घेताना ओठ मिटलेले असतात आणि जीभ टाळूला टेकलेली असते. जिभेच्या त्या आधाराने वरचा जबडा रुंद होतो. तोंड सदा उघडे राहिले की जीभ खाली पडते, गालांचा दाब दोन्ही बाजूंनी राहतो, आणि वरचा जबडा अरुंद होत जातो. चेहरा लांबट दिसू लागतो. अशा मुलाच्या दातांना तार लावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून नाक मोकळे करायला हवे. नाही तर एका बाजूने सरळ करायचे आणि दुसऱ्या बाजूने वाकडे होत राहायचे. नाशिकच्या थंडीत 'सर्दी तर सगळ्यांनाच असते' म्हणून हे मूल वर्षानुवर्षे मागे राहते. घोरणारे मूल दिसले की मी आता त्याची टाळू पाहिल्याशिवाय सोडत नाही.

कुठे थांबू नये

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना मुलाची पहिली तपासणी सात वर्षांपर्यंत करून घ्यावी असे सांगते. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात आणि जबडे सरळ करणारे तज्ज्ञ. सातव्या वर्षी तारा लावायच्या असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक मुलांना 'वर्षाने या' एवढेच सांगतात. पण ज्या थोड्या मुलांना थांबून चालत नाही, ती याच वयात सापडतात.

खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसत असतील, तर एक दिवसही वाट पाहू नका. वरचा जबडा मागे राहिला असेल तर त्याला पुढे ओढून घेणारे साधन सात ते दहा या वयात चांगले काम करते, कारण जबड्याची हाडे तेव्हा वाढीला लागलेली आणि सांधे सैल असतात. नाशिकरोडच्या त्या मुलाला तज्ज्ञांनी सांगितले आहे की आता वाढ पूर्ण होईपर्यंत पाहू, आणि नंतर कदाचित जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. 'अंगाने भरला' की खालचा जबडा उलट आणखी पुढे जातो, हे त्या आजींना कुणी सांगितलेच नव्हते.

दात मिटताना मुलाचा खालचा जबडा एका बाजूला सरकत असेल, तरीही लवकर दाखवावे. चेहरा त्याच बाजूला वाढण्याचा धोका असतो. तसेच दहाव्या वर्षी वरच्या ओठाखाली, हिरडीवर, सुळ्याचा उंचवटा बोटाला लागायला हवा. दोन्ही बाजूंना लागत नसेल किंवा एकाच बाजूला लागत असेल, तर एक्स-रे काढून सुळा भलत्याच दिशेने तर निघाला नाही ना, हे पाहतात.

वरचे दात फार पुढे असतील तर दिसण्यापेक्षाही मोठी अडचण म्हणजे ते तुटतात. वरचे दात तीन मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असलेल्या मुलांना समोरच्या दातांना इजा होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. सायकल, शाळेची पायरी, गल्लीतले क्रिकेट, कारण काहीही पुरते. इथे विषय थोडा बाजूला ठेवून एक सांगतो. मुलाचा कायमचा दात पडून मुळासकट हातात आला, तर तो कौलावर टाकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला. माती असेल तर स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवा, पण घासू नका. जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाही जमले तर दुधाच्या पेल्यात ठेवून तासाभराच्या आत दातांचे डॉक्टर गाठा. दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही.

खालचा जबडा मागे राहिल्याने वरचे दात पुढे दिसत असतील, तर जबड्याच्या वाढीचा फायदा घेणारी काढता-घालता येणारी साधने देतात. ती मूल उंचीला झपाट्याने वाढत असते तेव्हा, म्हणजे मुलींत साधारण दहा ते तेरा आणि मुलांत बारा ते चौदा या वयात उपयोगी पडतात. मुलीची पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षे उलटली की वाढीचा जोर ओसरतो. 'दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू' हे म्हणूनच महागात पडते.

तार काय करते

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. दातावर हलका पण सतत दाब दिला, तर ज्या बाजूला दाब पडतो तिकडचे हाड शरीर स्वतःच विरघळवते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार करते. दात असा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जास्त जोर लावून तो लवकर सरकत नाही, उलट मुळे झिजतात. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात आणि दर चार-सहा आठवड्यांनी जावे लागते. सुरुवातीला वापरतात ती निकेल आणि टायटॅनियमची तार मोठी मजेची आहे. तिला वाकवून वेड्यावाकड्या दातांत अडकवली, तरी ती आपला मूळ आकार विसरत नाही. ती सरळ व्हायला पाहते आणि जाताना दातांना बरोबर घेऊन जाते. या धातूचा शोध अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत लागला होता, 1970 नंतर ती दातांच्या कामी आली. आता पारदर्शक ट्रेही मिळतात. योग्य रुग्णात त्यांनी काम होते. पण दिवसातून वीस-बावीस तास ट्रे तोंडात ठेवणारा बारा वर्षांचा मुलगा तुमच्या घरात आहे का, ते तुम्हीच ठरवा. तज्ज्ञाने तोंड न तपासता पार्सलने ट्रे मागवणे तर अजिबात नको.

जागा फारच कमी असेल तर तज्ज्ञ काही उपदाढा काढायला सांगतात. तेव्हा घरातले वडीलधारे हमखास म्हणतात, "वरचे दात काढले की डोळे अधू होतात." दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दोघींचा एकमेकींशी काही व्यवहार नाही. दात काढल्याने कुणाची नजर जात नाही. मात्र प्रत्येकाचेच दात काढावे लागतात असेही नाही. का काढायचे हे पालकांनी जरूर विचारावे.

तारा घातल्यावर पहिले तीन-चार दिवस दात दुखतात. पॅरासिटामॉल पुरते. मऊ वरणभात, खिचडी द्यावी, भाकरी आमटीत कुस्करावी. पेरू, ऊस, मक्याचे कणीस दातांनी तोडू नये, पेरूच्या फोडी करून द्याव्यात. चिक्की आणि संक्रांतीचा कडक तीळगूळ या दोन वर्षांत फक्त देण्यापुरता. तार गालाला टोचली तर मेणाचा गोळा लावायला देतात. आणि प्रत्येक खाण्यानंतर घासणे. फ्लोराइडची पेस्ट, आरशासमोर उभे राहून, तारेच्या वर आणि खाली. मी असे मूल पाहिले आहे की तारा काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येक दातावर चौकोनी पांढरा डाग. तो कीड लागण्याचा आरंभ असतो. जे मूल साधे ब्रश करत नाही, त्याला तारा लावण्याची घाई करू नये, आधी ती सवय लावावी.

तारा निघाल्या की काम संपले असे समजून पुष्कळ जण फसतात. हाड घट्ट व्हायला वेळ लागतो आणि हिरडीचे तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून रिटेनर देतात. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर रात्री, तेही काही वर्षे. रिटेनर डब्यात आणि डबा कपाटात गेला, की दोन वर्षांची मेहनत आणि पैसा हळूहळू परत जातो.

कुणाकडे जावे

बी.डी.एस. डॉक्टर पहिली तपासणी करतील आणि कीड सांभाळतील. तारांचे काम ज्यांनी त्यानंतर तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. केले आहे, त्यांच्याकडून करून घ्यावे. पदवी विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. आठवडी बाजारात बसून दात बसवणाऱ्यांविषयी मला काही लिहायचीही इच्छा नाही. खर्च एकदम ऐकून दडपण येते, म्हणून आरंभीच विचारून घ्यावे की सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, तुटलेल्या ब्रॅकेटची दुरुस्ती आणि रिटेनर धरले आहेत का, आणि हप्ते चालतील का. खासगीत परवडत नसेल तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च कमी येतो. आपल्याकडे पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. तिथे थांबावे लागते, फेऱ्या होतात, पण विद्यार्थी डॉक्टरांच्या कामावर अनुभवी प्राध्यापकांचे लक्ष असते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यात दातही पाहतात. 2013 साली पालघरहून सुरू झालेला हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजू देऊ नका.

आणि सगळ्यांनाच तारा हव्यात असे नाही. खालचा एखादा दात जरा आडवा, किंचित फट, याने चावायला अडत नाही, साफ करायला अडत नाही आणि मुलाला त्याचे काही वाटत नाही, तर मी पालकांना पैसे वाचवा असेच सांगतो. मुलीच्या लग्नाच्या बोलीत दातांचा हिशेब होतो याची मला चीड येते. पण मूल स्वतः ओठ मिटून फोटो काढू लागले, तोंडावर हात धरू लागले, तर त्याला 'दिसण्याचे काय एवढे' म्हणून झटकू नये.

त्या शिंप्याच्या मुलीला तेराव्या वर्षी तारा मिळाल्या नाहीत. घरची परिस्थिती नव्हती. नोकरी लागल्यावर, तेविसाव्या वर्षी, तिने स्वतःच्या पगारातून हप्त्यांनी उपचार घेतले. हाड निरोगी असेल तर मोठेपणीही दात सरकतात, फक्त वेळ जास्त लागू शकतो. गेल्या वर्षी ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याची दुधाची दाढ किडली होती, ठणकत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "डॉक्टर, काढायची नाही हं." मी म्हटले, "नाही काढायची," आणि दातांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. त्या दाढेवर आता टोपी आहे. ती साधारण अकराव्या वर्षापर्यंत टिकली पाहिजे.